वारा पडलेला सोमवार

शनिवार, ९ एप्रिल

ताई,

मायना काय लिहावा या विचारात तीन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, ‘आदरणीय’ लिहिलं तर पत्र तिथंच फाडशील. म्हणून नुसतं ताई.

पत्ता मावशीने दिला. फोन नंबर दिला नाही. “तिने बजावलंय, नंबर द्यायचा नाही. पत्त्याचं काही बोलली नव्हती,” म्हणाली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाली.

आधी महत्त्वाचं. बाबा आहेत. धडधाकट नाहीत, पण आहेत. त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन आहे. सव्वीसला दाखल व्हायचंय. तोवर चढ नको, ओझं नको आणि समोरचा वारा तर अजिबात नको. समोरच्या वाऱ्यात चालताना छातीला दुप्पट काम पडतं म्हणे. हे ऐकून बाबा डॉक्टरांना म्हणाले, “अहो, मी चाळीस वर्षं गोल्फच्या मैदानाचा माळी होतो, तेही समुद्रकाठच्या. समोरचा वारा नको म्हणजे काय, उलटा चालू?” डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

आता त्यांच्या मनाने घेतलंय की दाखल होण्याआधी आपण तिघांनी एकदा खेळायचं. सोमवारी खेळायचो तसं. क्लबचे सेक्रेटरी स्वतः घरी येऊन सांगून गेले, हव्या त्या दिवशी खेळा, सभासदांना आम्ही थांबवतो. पण बाबांचं एकच, “आम्ही सोमवारची माणसं. सोमवारीच खेळणार.” ती पद्धत अजून तशीच आहे बघ. सोमवारी मैदान सभासदांना बंद, कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना मोकळं. म्हणजे सोमवार उरले तीन. अकरा, अठरा, पंचवीस. त्यातल्या एका तरी दिवशी वारा पडलेला हवा. आणि तू हवीस.

शहरातले सभासद अशा दिवसाची वर्षभर वाट बघतात. निळं आभाळ, कोवळं ऊन, झेंडा काठीला चिकटलेला. “काय आदर्श हवा आहे!” म्हणत गाडीतून उतरतात. आणि आपण तिघं अशा दिवशी दारातच घुटमळायचो. झाड नाही, आडोसा नाही, नुसते वाळूचे उंचवटे आणि त्यावरचं राठ गवत. इथं आपण जे काही शिकलो ते वाऱ्यातच. चेंडू झेंड्याच्या दहा पावलं डावीकडे मारायचा, बाकीचं वारा बघून घेईल. वारा नसला की हे मैदान आपल्याला अनोळखी माणसासारखं बघतं.

त्या दिवशीही तेच झालं होतं. वहीतला आकडा वाऱ्याच्या दिवसाचा होता. मी वही बघितली आणि चुकले. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. वीस वर्षांनी त्यात भर घालण्यासारखं काही नाही.

ये. बाबांसाठी तरी ये. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही.

तुझी धाकटी बहीण


गुरुवार, १४ एप्रिल

ताई,

मावशी म्हणते, पत्र तुला पोचलंय. “वाचलं का तिने?” असं विचारलं तर म्हणाली, “मी काय तिच्या चष्म्यात बसते?”

अकराचा सोमवार गेला. सकाळपासून असा वारा होता की झेंड्यांच्या काठ्या वाकल्या होत्या. बाबा खिडकीत बसून बघत राहिले.

आता खोलीतच सराव चाललाय. जमिनीवर स्टीलचा पेला आडवा ठेवतात आणि पलंगापासून चेंडू ढकलतात. आत गेला की टण्ण. चुकला की पलंगाखाली, मग मी ओणवी होऊन काढायचा. काल म्हणाले, “तुझी ताई असती तर पहिल्याच फटक्याला टण्ण.” म्हटलं, “मग पलंगाखाली शिरायलाही तिलाच बोलवा.” खूप हसले आणि मग धाप लागली. धाप लागली की ते खिडकीकडे तोंड करतात, मला दिसू नये म्हणून. मी ओट्याकडे तोंड करते, मला दिसलं हे त्यांना दिसू नये म्हणून. असे आम्ही दोघं पाठीला पाठ करून राहतो.

त्यांच्या जागी आता मी आहे, हे मावशीने तुला सांगितलं असेलच. उजाडायच्या बेताला शेडमधून निघते. अठरा हिरवळी, अठरा भोकं. प्रत्येक भोक रोज नव्या जागी पाडायचं आणि तिथून निघालेलं गवताचं बूच कालच्या भोकात बसवायचं. पायाने दाबायचं, ओंजळभर पाणी घालायचं, पुढे जायचं. बूच हा शब्दही बाबांचाच. लहानपणी मी त्यांच्या मागून मातीचे गोळे उचलत फिरायचे म्हणून तू मला ढेकूळ म्हणायचीस. बघ, ढेकळांवरच पोट भरतंय.

सतराव्यावर आले की माझा हात जरा थबकतो. ते तसंच आहे. एकशे वीस पावलं, मध्ये खळगा, पलीकडे हिरवळ, तिच्या मागे लगेच उतार, आणि खाली खडक आणि समुद्र. वारा कायम समुद्राकडून, तोंडावर. कुठल्या भोकाला कितवी काठी ते बाबांच्या वहीत लिहिलंय, आणि त्या पानावर एकच आकडा आहे, पाच. परवा मावशीला हे समजावताना नाकी नऊ आले. काठीचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो. समोरून वारा असेल तर सतराव्यावर पाच नंबर लागतो, वारा नसेल तर आठ पुरतो. “मोठा नंबर असून जवळ पडतो? तुमचा खेळच उफराटा,” म्हणाली. आठचा आकडा वहीत कुठेच नाही. बाबांच्या मते सतराव्यावर वारा नाही असं होतच नाही.

त्या दिवशी झालं. अंतिम सामना, सोळा भोकं झालेली, तू एका भोकाने पुढे. जिंकणारीला संघात जागा, दोन वर्षं दूरच्या शहरात राहून शिकायची सोय. तुझी काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर. नियमाने तुला सल्ला विचारता येत होता तो फक्त पिशवी धरणारीला. बाबा दोरीपलीकडे ओठ मिटून उभे होते. त्यांना नुसती मान हलवायचीही चोरी. तू मागे न बघता हात माझ्याकडे केलास आणि म्हणालीस, “किती?”

मी म्हटलं, “पाच.”

चेंडू हिरवळीवरून गेला, झेंड्यावरून गेला, मागे उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यांवरून गेला. खडकावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा कोणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. सतरावं गेलं, त्या धक्क्यात अठरावंही गेलं, आणि सामनाही.

माझ्या वेणीतून सुटलेल्या बटा त्या वेळी हलत नव्हत्या, हे मला आजही आठवतं. पण बटा न हलणं वेगळं आणि ते ध्यानात येणं वेगळं. नाही का?

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील. नकार असला तरी चालेल. नाही, नकार चालणार नाही.

धाकटी


सोमवार, १८ एप्रिल

ताई,

दुसराही सोमवार गेला. आज तर वाळू उडून खिडकीच्या काचेवर तडतड वाजत होती. बाबांनी पांढरी टोपी काढून ठेवली होती, ती दुपारी स्वतःच परत खुंटीला लावली.  आता एकच सोमवार राहिला.

आणि दुपारच्या टपालाने तुझं कार्ड आलं. “वारा पडला तर कळव. येईनच असं नाही.” सात शब्द. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. “म्हणजे येतेय,” म्हणाले, आणि मला तुझ्या जुन्या काठ्या माळ्यावरून उतरवायला लावल्या. पकडीचं रबर पार चिकट झालंय. ते ओल्या फडक्याने पुसत बसलेत.

मी शेडमध्ये येऊन लिहितेय. इथं गवत कापायच्या यंत्राच्या तेलाचा वास आहे आणि मला कोणी हाक मारत नाही.

ताई, त्या दिवशी मी वही उघडलीच नव्हती.

वही पिशवीच्या पुढच्या कप्प्यात होती. बंद होती. मी वाऱ्यासाठी गाल पुढे केला, बाबांनी आपल्याला शिकवलं तसा. गालाला काही लागलं नाही. मला आठ माहीत होता. तोंडात आठ आला होता. आणि मी पाच म्हटलं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. तू जिंकलीस की जाणार, मग या दोन खोल्यांत बाबा आणि मी. बाबा तेव्हा जेवताना भिंतीकडे बघायचे, आठवतं? तू बोलायचीस म्हणून घरात आवाज असायचा. मी मनात काही ठरवलं नव्हतं, याची शपथ घेते. पण तू “किती?” विचारलंस आणि मला एकदम दिसलं की आता हे माझ्या हातात आहे. एवढंच झालं. एका आकड्याइतका वेळ लागला.

आणि तू गेलीसच. महिन्याच्या आत गेलीस. संघात नाही, शिकायला नाही, कुठल्या तरी शाळेत मुलींना पोहायला शिकवायला. त्यानंतर हातात काठी धरली नाहीस असं मावशी सांगते. जाताना फाटकापाशी तू विचारलंस, “चुकलीस की चुकवलंस?” मी म्हटलं, “चुकले.” तू माझ्याकडे बघत राहिलीस. बस येईपर्यंत.

खोड अजून गेलेली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात, या झडपेला, दहातले सात वाचतात. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, “किती म्हणाले?” मी म्हटलं, “नऊ.” पुन्हा तसाच एका आकड्याइतका वेळ.

आता माझी कोंडी अशी की हे वाचून तू येणार नाहीस. मग बाबांचा शेवटचा सोमवार मीच घालवला असं होईल. आणि खेळून झाल्यावर सांगावं म्हटलं, तर तू पुन्हा एकदा माझ्या खोट्यावर भरवसा ठेवून खेळलीस असं होईल. दोन्हीकडून मीच. हे पत्र टाकते. उद्या सकाळी, विचार बदलायच्या आत.


बुधवार, २० एप्रिल

ताई,

काल सकाळी टाकलं आणि दहा मिनिटांत विचार बदलला. टपालवाली पेटी उघडायला येईपर्यंत मी तिथंच उभी. तिला म्हटलं, “माझं एक पत्र परत द्या.”

“तुमचंच कशावरून?”

“अक्षर बघा ना माझं.”

“अक्षर तुमचं असेल. पत्र ज्याच्या नावाचं त्याचं.”

“नुसतं हातात द्या एकदा. बघते आणि परत देते.”

“हातात दिलं तर चावून गिळाल. चेहराच तसा झालाय तुमचा.” मग पिशवीचं तोंड आवळत जरा मऊ होऊन म्हणाली, “शिव्या आहेत का त्यात?”

“नाही.”

“मग जाऊ द्या की.”

गेलं.

हवामानवाले म्हणतात, रविवारपासून तीन दिवस वारा नाही. स्वच्छ ऊन, हवा कोरडी. सभासदांचे आत्तापासून फोन सुरू झालेत. मी मात्र अंदाज ऐकला आणि रेडिओ बंद केला. हे पत्र तुला वेळेत मिळेल याचा भरवसा नाही. मावशीला सांगितलंय, तुला फोन करून एवढंच कळव की सोमवारी वारा पडणार आहे. तिने केला. तू “बघते” म्हणालीस म्हणे.

“कसं म्हणाली? कुठल्या आवाजात?” मी विचारलं.

“अगं, ‘बघते’ला किती आवाज असतात?”

मला विचार. मी सकाळपासून चाळीस प्रकारे म्हणून बघितलंय.


रविवार, २४ एप्रिल. टाकणार नाही, तरी लिहिते.

वारा पडला. पहाटे भोकं पाडताना पहिल्यांदा जाणवलं, माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू येतोय. दिवसभर सभासदांची जत्रा लोटली होती. सगळे एकमेकांना हवेबद्दल शाबासकी देत होते, जणू त्यांनीच केली.

मावशीचा फोन आला. तू फोन उचलत नाहीस. शेजारणीकडे चौकशी केली तर शुक्रवारी सकाळीच कुलूप लावून गेलीस म्हणे. मग गेलीस कुठे? इथं यायला बसने एक दिवस लागतो. शुक्रवारी निघालेलं माणूस शनिवारी पोचतं. आज रविवार संपत आलाय.

आणि माझं पत्र तुला शुक्रवारी मिळालं असेल की शनिवारी? कुलूप आधी की टपाल आधी? दिवसभर मी हेच घोळवतेय. पत्र वाचून निघाली असेल तर आमच्याकडे निघाली की आमच्यापासून दूर? न वाचता निघाली असेल तर उद्या फाटकात तिला काय सांगू?

बाबांनी बूट पॉलिश केले. तुझ्यासाठी चेंडू टेकवायचे आठ लाकडी टी काढून खिशात ठेवले. “आठ कशाला?” म्हटलं तर म्हणाले, “हरवते ती.”

उद्याचं सतराव्याचं भोक मागच्या बाजूला, समुद्राकडे पाडणार आहे. त्या दिवशी होतं तिथंच. का ते मला नीट सांगता येणार नाही.


मंगळवार, २६ एप्रिल, सकाळ

ताई,

तू आत बाबांची पिशवी भरते आहेस आणि मी शेडमध्ये आहे. अकराच्या गाडीने तुम्ही निघाल. हॉस्पिटलात पेशंटजवळ एकच माणूस थांबू देतात. बाबांनी काल जेवताना परस्परच सांगून टाकलं, “ती येईल माझ्याबरोबर. तू हिरवळी सांभाळ. अशा हवेत तीन दिवस पाणी चुकलं तर करपतील.” मला लागलं. खोटं कशाला बोलू, लागलं. पण बरोबर आहे ते.

कालचं तुला माहीतच आहे सगळं, तू होतीस. तरी माझ्या बाजूचं लिहू दे.

सव्वाआठची बस वळणावर थांबली. बाबा घडीच्या खुर्चीवर, मी शेजारी उभी. झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. एक बाई उतरली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. डावा खांदा पुढे, मान खाली घालून, तिरकी तिरकी चढण चढायला लागली.

बाबा म्हणाले, “आली.”

“कशावरून?”

“वारा नसताना असं कोण चालतं?”

तू जवळ आलीस. केस पांढरे झालेत तुझे, माझ्यापेक्षा जास्त. बाबा म्हणाले, “उशीर केलास,” जणू तू कोपऱ्यावर काडेपेटी आणायला गेली होतीस. आणि तू म्हणालीस, “तुमच्या टोपीवर कावळा बसलेला दिसतोय.” त्यांनी टोपी काढून खरंच बघितलं. वीस वर्षं! आणि दोघं पहिल्या मिनिटाला टोपीवरून भांडताय.

माझ्याकडे बघून तू नुसती मान हलवलीस. त्या मानेचा अर्थ लावण्यात माझी पहिली दोन भोकं गेली. बाबांना मी गवताच्या गाडीत बसवलं होतं. हिरवळीपाशी उतरायचे, चेंडू ढकलायचे, पुन्हा बसायचे. तू त्यांच्याशीच बोलत होतीस. पहिला फटका तुझा भलतीकडे गेला, दहा पावलं डावीकडे. वाऱ्यासाठी मारलास, आणि वारा नव्हता. बाबा हसले, मग माझाही तिकडेच गेला, मग तर ते हसता हसता गाडीचा दांडा धरून बसले. मी तुझ्याकडे बघितलं, तू त्यांच्या छातीकडे बघत होतीस. तेव्हा मला कळलं, माझ्याइतकीच भीती आणखी एका माणसाला वाटतेय. फार दिवसांनी बरं वाटलं.

तिथून पायवाटेने थेट सतरावं. बाबांना तेच हवं होतं.

समुद्र ताटात ओतल्यासारखा सपाट. ऊन अंगाला टोचत नव्हतं. असा दिवस वर्षातून एखादाच, आणि मी तुझ्या काठ्या पुन्हा पुन्हा मोजत होते. तू गवतात टी खोवलास, चेंडू ठेवलास, आणि मागे न बघता हात माझ्याकडे केलास.

“किती?”

म्हणजे वाचलेलं नाही, असं मला वाटलं. वाचलं असतं तर असं विचारलंच नसतं. मी म्हटलं, “थांब ताई, आधी एक सांगायचंय.”

“आधी आकडा सांग.”

“आठ.”

गाडीतून बाबा म्हणाले, “नक्की ना? की आपलं बरं वाटावं म्हणून?” आणि माझ्याकडे असं बघितलं की मला त्या क्षणी समजलं, सात आणि नऊमधला फरक त्यांनी डॉक्टरांना स्वतःच विचारून घेतलाय.  मी म्हटलं, “नक्की, बाबा.”

तू आठ नंबर घेतलास. चेंडूपाशी उभी राहिलीस. आणि माझ्याकडे न बघता, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, “शुक्रवारी मी कुलूप लावत होते तेव्हा टपालवाला आला. पत्र बसमध्ये वाचलं. मधल्या गावात उतरले आणि दोन दिवस लॉजवर बसून राहिले. परतीचं तिकीट काढलं होतं.”

मी पिशवी खाली ठेवली.

“एक सांग,” तू म्हणालीस, “गाल काय तुला एकटीलाच होते? वारा नव्हता ते मलाही कळत होतं. मलाही आठच वाटत होता. तू पाच म्हणालीस म्हणून पाच घेतला.”

आणि मारलास.

वीस वर्षं मी समजत होते की मी तुला एक चुकीचा आकडा दिला. तसं नव्हतं ते. तू स्वतःच्या कातडीवर ठेवला नाहीस इतका विश्वास माझ्यावर ठेवला होतास, आणि तो मी खडकावर फोडला. हे मला चेंडू हवेत असताना कळलं. चेंडू उतरला, हिरवळीच्या पुढच्या काठावर पडला, दोन उड्या घेऊन थांबला. भोक अजून पंधरा पावलं लांब. बाबांनी टाळी वाजवली, एकच, बाकीची ताकद पुढच्या फटक्यासाठी ठेवली असावी.

चालताना मी विचारलं, “अजून रागावलीस?”

“हो.”

“जाईल?”

“काय माहीत, ढेकळा. आत्ताच तर कारण कळलंय. थोडा वेळ नीट रागावू दे.”

ढेकळा म्हणालीस. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं, नाहीतर परत घेतलं असतंस.

बाबांनी तुझा चेंडू ढकलला, आठवतंय ना, तुला विचारलंसुद्धा नाही. पंधरा पावलांवरून. तो वळला, भोकाच्या काठाशी थांबला आणि पडला नाही. आपण तिघं तिथं उभे. फुंकर घातली तरी पडला असता. वारा असता तर पडला असता. बाबा म्हणाले, “हेच. म्हणून मला ही हवा आवडत नाही.” आणि बोटाने लोटून दिला.

आज पहाटे त्याच सतराव्यावर नवीन भोक पाडलं. निघालेलं बूच कालच्या भोकात बसवलं, पायाने दाबलं, पाणी घातलं. त्याची गोल खूण पंधरा दिवस तरी दिसत राहते, मग मुळं धरतात आणि कुठे होतं ते माझं मलाच सापडत नाही. पंधरा दिवसांनी बाबांचे टाके निघालेले असतील. मी दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्यात. करू नये, पण केलंय.

हे पत्र बाबांच्या पिशवीत टॉवेलखाली ठेवते. फोनवर मला हे बोलता येणार नाही. काल गुण लिहायच्या कार्डाच्या मागे तू तुझा फोन नंबर लिहून दिलास. ते कार्ड शेडच्या भिंतीला खिळ्याने लावलंय.

एक मागणं आहे. गुरुवारी दुपारी डॉक्टर बाहेर येतील आणि तुला सांगतील. तिथं दोरीपलीकडे मी नसेन. मला विचारता येईल ते फक्त तुला. तू फोन लावशील तेव्हा मी सतराव्यावर पाणी घालत असेन आणि विचारेन, “काय म्हणाले?” त्या वेळी तुला वाटेल, हिला एकदम कसं सांगू, थोडं सावरून सांगावं. तो एका आकड्याइतका वेळ असतो ना, तो मला चांगला ठाऊक आहे.

सावरू नकोस. ते म्हणतील तेच सांग, जसंच्या तसं. मी गाल पुढे करून उभी राहीन.

तुझं
ढेकूळ